सहाव्या महिन्यात शुगर निघाली

माझं जन्माचं वजन सव्वाचार किलो होतं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे, कारण आमच्या देवासच्या घरी कोणीही पाहुणे आले की आजी ते सांगायचीच, सव्वाचार किलो हो, नर्सनं दोनदा काटा बघितला, आणि मग कपाटातून तो फोटो निघायचा, झबल्यात न मावणारी मी आणि बाजूला थकून गेलेली आई. सगळ्या घराला केवढा अभिमान होता त्या वजनाचा. पुढे आईला चाळिशी उलटल्यावर डायबिटीस निघाला, गोळ्या सुरू झाल्या, घरात साखर वेगळ्या डब्यात गेली, पण ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो हे कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, अगदी गेल्या नोव्हेंबरपर्यंत.

आता मला सदतिसावा आठवडा चालू आहे. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या बाजूला जुन्या गल्लीत आमचं घर, जिना चढला की धाप लागते, रात्री कुशीवर झोपून झोपून खांदा दुखतो, ऑफिसची सुट्टी सुरू झालीये. भेटायला येणारे सगळे नाव काय ठेवणार, कोणासारखं दिसेल यावर बोलतात आणि ते मला आवडतं पण. पण गरोदरपणातल्या डायबिटीसबद्दल ह्या तीन-चार महिन्यांत मी जे शिकले ते वेगळंच आहे, आणि ते माझ्या आईच्या वेळी कोणीतरी तिला सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं, म्हणून लिहितेय.

पहिल्या व्हिजिटला शुगर नॉर्मल होती. मग पंचविसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या आता ग्लुकोजवाली टेस्ट परत करायची, चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या मधे करतातच सगळ्यांची. मी विचारलं उपाशी येऊ का, तर म्हणाल्या जेवून ये, न जेवता ये, कशीही ये. ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात घोळवून देतात, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. ते पाणी इतकं गोड असतं की शेवटचे दोन घोट घशाखाली जात नाहीत, जीभ जाड होते, आणि बाळ आत एकदम हालचाल करायला लागतं, म्हणजे माझं तरी लागलं. माझ्या शेजारी सांवेरहून सकाळच्या बसनं आलेली एक मुलगी होती, अगदी विशीतली, हातात तोच ग्लास, मला म्हणाली दीदी, पूरा पीना है क्या. मी म्हटलं हो, पूर्ण प्यायचं, मग दोघींनी मिळून संपवलं.

उपाशी यायची अट नाही त्यामागे ह्याच बायका आहेत हे मला नंतर कळलं. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्याबरोबरचे डॉक्टर, त्यांनी हे लावून धरलं की गावाहून तास-दोन तास प्रवास करून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी बोलवणं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलवणं हे होणारं नाही, ती परत येणारच नाही, म्हणून एकाच फेरीत होईल अशी टेस्ट हवी. दोन तासांनंतर १४० किंवा त्यापेक्षा जास्त आली तर गरोदरपणातला डायबिटीस, सरकारी दवाखान्यातही आता हाच नियम आहे. शेषय्या डॉक्टरांचा वाढदिवस १० मार्च, तो दिवस आपल्याकडे ह्याच आजाराच्या जागृतीचा म्हणून पाळतात. माझी तारीख त्याच आठवड्यातली आहे त्यामुळे मला त्यांच्याबद्दल उगाच घरच्या माणसासारखी माया वाटते.

माझी १६८ आली.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोणाला डायबिटीस आहे? आईला. दुसरा प्रश्न, तुझं स्वतःचं जन्माचं वजन माहितीये का? मी सांगितलं. त्या थोडा वेळ लिहीत राहिल्या, मग म्हणाल्या आता खात्रीनं काही सांगता येणार नाही, पण आईलाही तेव्हा असू शकेल. संध्याकाळी मी आईला फोनवर हे सांगितलं तर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग म्हणाली, म्हणजे माझं तेव्हा कोणी बघितलंच नाही ना गं. त्या वाक्यानं मला जेवढं रडू आलं तेवढं स्वतःच्या रिपोर्टनंही नव्हतं आलं. माझ्या वेळी आईला टाके किती पडले होते, किती दिवस ती धड बसू शकत नव्हती, हे सगळं तिनं त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. आजवर आम्ही फक्त वजनच ऐकलं होतं.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण समजलं की अर्धी भीती जाते. गरोदरपणात वार (प्लासेंटा) जे हार्मोन्स तयार करते त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो, म्हणजे मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींचं बनवतं, काहींचं पुरं पडत नाही, घरात डायबिटीस असेल, वय पस्तिशीकडे असेल, वजन जास्त असेल तर जास्त शक्यता. आपल्या भारतातल्या बायकांना तर मुळातच शक्यता जास्त. मग आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, त्यामुळे बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि ती साखर चरबी म्हणून साठवतं. म्हणून बाळ मोठं होतं. डोकं बाहेर आल्यावर खांदे अडकू शकतात, आणि नाळ कापली की साखर एकदम बंद पण बाळाचं इन्सुलिन अजून चढलेलं, त्यामुळे जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बाळाची शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. फोटोत दिसणारं गुटगुटीत बाळ आतून असं झगडत असू शकतं.

आणि बायको किंवा सून जास्त गोड खाते म्हणून होत नाही हे. हे मी दहा वेळा लिहीन. शुगर निघाल्याचं कळल्यावर लांबच्या एका काकू म्हणाल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत रोज जात असशील रात्री, आणि मला काही बोलायला सुचेना, तर सासूबाईंनीच उत्तर दिलं की अहो, तिच्या खाण्यामुळे नाही हे, वारेमुळे होतं, डॉक्टरांनी मला समजावून सांगितलंय. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या बाजूला पक्क्या आहेत. डॉक्टरांकडे त्याही आल्या होत्या माझ्याबरोबर, आणि मला वाटतं हीच गोष्ट सगळ्यात कामाची ठरली, की घरात स्वयंपाक कसा होणार हे जिच्या हातात आहे तिनं डॉक्टरांचं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पहिले दोन आठवडे फक्त खाण्यावर आणि चालण्यावर ठेवलं. सकाळी उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे टार्गेट. ओट्यावर मशीन, बाजूला कापूस, मी बोट टोचायचं आणि सासूबाईंनी आकडा लिहायचा. घरात दोन कॅलेंडर आहेत, लाला रामस्वरूप दुधाच्या हिशोबाला आणि कालनिर्णय सणावारांना, तर कालनिर्णयच्या चौकटीत त्यांनी बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली, नाश्ता, दुपार, रात्र. त्यातूनच कळत गेलं. इंदूरच्या घरात पोहे नाही म्हणजे सकाळ झाली नाही. नुसते पोहे खाल्ले तर दोन तासांनी १४८. मग सासूबाईंनी पोहे निम्मे केले आणि तेवढीच मोड आलेली वाफवलेली मटकी, मूठभर दाणे, वर कांदा-लिंबू आणि जिरावन मसाला असं केलं, ११७. तो आकडा बघून त्या अशा खूश झाल्या की शेजारी सांगून आल्या. भात अर्धी वाटी आणि वरण दीड वाटी, ज्वारीची भाकरी, रोज एक उसळ, दह्याची वाटी, आणि जेवण झालं की लगेच आडवं न होता गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं चालणं, ह्या चालण्यानं जो फरक पडतो तो प्रत्येकीनं स्वतः मोजून बघावा. थंडीत गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईचा वास गल्लीत आला की जीव कासावीस व्हायचा, ह्या वर्षी गराडू नाही, जिलबी नाही. नवरा आणि सासरे पण हेच जेवतात, माझं वेगळं ताट मांडलं असतं तर मी आठवड्यात हरले असते.

डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवतात ना, मुलगा की मुलगी ओळखायला, त्या सासूबाईंनी ठेवल्याच नाहीत, शुगरचं कारण सांगून. मला त्याचं दुसऱ्या कारणानंही बरं वाटलं. संक्रांतीला तिळाची चटणी आणि एक छोटी वडी.

तरी सकाळची उपाशीपोटीची शुगर खाली येईना, १०४, १०८. मग रात्री झोपताना इन्सुलिन सुरू झालं. घरात पहिल्यांदा खरी शांतता पसरली ती ह्या दिवशी, कारण आपल्याकडे सुई म्हणजे शेवटचं काहीतरी आणि एकदा लागली की जन्माची अशीच समजूत आहे. गरोदरपणातलं इन्सुलिन बहुतेकींचं बाळंत झाल्यावर थांबतं. ते बाळापर्यंत पोचत नाही म्हणून उलट निर्धास्त. फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. सुई इतकी बारीक असते की ग्लुकोमीटरच्या टोचण्यापेक्षा कमी दुखते, पहिल्या रात्री नवऱ्याचे हात थरथरत होते, आता तो बोलता बोलता देतो.

माझं ब्लडग्रुप निगेटिव्ह आहे त्याचं एक वेगळंच, नवरा पॉझिटिव्ह असल्यामुळे अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत परत घ्यायचं. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय.

आता तयारीचं. बॅग वगैरे होते, यादी सगळीकडे मिळते, लंगोट, दुपटी, गाऊन, आधार कार्ड. खरी तयारी म्हणजे कळा सुरू झाल्यावर जे ठरवायला डोकं जागेवर नसतं ते आत्ता ठरवून ठेवणं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे देवासला, हे दोन्ही घरांनी धरूनच चाललं होतं. मी म्हटलं की जिथे माझी फाइल आहे, जिथे बाळांचा आयसीयू आहे, तिथेच मी राहणार. आईला वाईट वाटलं, बाबांना जास्त वाटलं, त्यांनी खोलीला रंग पण दिला होता. मग आईच इकडे राहायला आली. लेकीच्या सासरी येऊन महिनाभर राहणं तिच्या पिढीला सोपं नाही, जावयाच्या घरचं पाणी पिताना अजून अवघडते ती, पण आली, आणि आता संध्याकाळी दोघी विहिणी मिळून माझ्या आकड्यांवर चर्चा करतात. आई स्वतःची शुगरही परत नीट तपासायला लागलीये.

दुसरं म्हणजे रंगपंचमी. इंदूरबाहेरच्यांना कळणार नाही पण होळीनंतर पाचव्या दिवशी राजवाड्यावर जी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा आमच्या भागात लाखो लोक असतात, टँकर, चौथ्या मजल्यापर्यंत रंग उडवणाऱ्या मशीन, दुकानं ताडपत्रीनं झाकलेली, सकाळपासून दुपारपर्यंत रस्ते बंद. डॉक्टर म्हणतात इन्सुलिनवर आहेस तर एकोणचाळिसाव्या आठवड्याच्या पुढे ओढायचं नाही, कळा आल्या नाहीत तर आणाव्या लागतील. म्हणजे नेमके होळी ते रंगपंचमीचे दिवस. म्हणून असं ठरलंय की आम्ही होळी झाली की सुदामानगरला आत्याकडे राहायला जाणार, तिथून हॉस्पिटल जवळ. गाडी कोण चालवणार, तो नसेल तर दुसरा कोण, १०८ कधी लावायचा, निगेटिव्ह ग्रुपचे दोन जण ज्यांनी हो म्हटलंय आणि त्या आठवड्यात गावात आहेत, सिझरसाठी सही लागली आणि नवरा ट्रॅफिकमध्ये असला तर कोण बोलणार डॉक्टरांशी, हे सगळं एका कागदावर आहे. त्याच कागदावर खाली कधी थांबायचं नाही ते लिहिलंय: खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, तोंडावर-हातावर एकदम सूज, वरच्या पोटात दुखणं, रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, फिट येणं, आणि बाळाची हालचाल कमी वाटणं. हालचालीचं तर सकाळपर्यंत वाट बघू असं अजिबात करायचं नाही, रात्री दोन वाजता वाटलं तर दोन वाजता जायचं. ब्लड प्रेशर १४०/९० झालं तरी बाईला काही जाणवत नाही कित्येकदा, म्हणून मोजायलाच लागतं.

आमच्याकडे भांड्याला येते तीही गरोदर आहे, पाचवा महिना, तिचं तिसरं. एक दिवस ओट्याला धरून उभी राहिली, म्हणाली भाभी, चक्कर आते हैं. कोणीच काही तपासलं नव्हतं. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून आहे, त्या दिवशी सासूबाई तिला घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की कमी धरतात. तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागलं, म्हणजे जोखमीचं. देशात २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्क्यांमध्ये रक्त कमी सापडलं होतं, निम्म्याहून जास्त, आणि आपण ह्याला अशक्तपणा आहे जरा असं म्हणून सोडून देतो. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या आधीपण, ती चहाबरोबर घेत होती. चहानं लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागते, एवढं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आता ती एमटीएचला, इथल्या सरकारी दवाखान्यात, नाव नोंदवून आलीये. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, येणं-जाणं हे २०११ पासून फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, हे मी तिच्या नवऱ्याला बसवून सांगितलं. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला विचारा, हिमोग्लोबिन किती आहे तुझं. एवढंच विचारा.

कळांची भीती मला वाटते. वाटतेच. आई सांगते की तिच्या वेळी खोलीत एकही ओळखीचा चेहरा नव्हता आणि ओरडली तर नर्स रागवायची. माझ्याबरोबर आत आई राहणार आहे, हॉस्पिटलला आधीच विचारून घेतलंय. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की सोबत हवी, आणि केंद्र सरकारच्या २०१७ च्या लक्ष्य ह्या बाळंतपणाच्या खोल्या सुधारायच्या कार्यक्रमात सुद्धा बाईच्या सोबतीला तिचं माणूस असावं हे धरलेलं आहे, तर मागून घ्या. पहिलटकरणीला वेळ लागतो, पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत तर कित्येक तास जाऊ शकतात आणि त्यात काही बिघडलेलं नसतं, हे माहीत असलं की घाई करा म्हणून बाहेरचे लोक डॉक्टरांच्या मागे लागत नाहीत. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवं असेल तर हवं असं मी सांगून ठेवलंय. सिझर झालं तर होईल. बाई आणि बाळ दोघं धड घरी येणं हेच बाळंतपण, कुठून आणि कसं ह्याला मी आता काही किंमत देत नाही.

एकाच गोष्टीवर घरात वाद झाला. आमच्यात बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात, सासऱ्यांच्या आईची अंगठी आहे ती, चार पिढ्या त्याच अंगठीनं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं वर्षभर मध नाही, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. आणि माझ्या बाळाला तर पहिल्या तासाच्या आत चीक पाजायचाय, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन परत परत शुगर बघणार आहेत, तेव्हा साखरेचं पाणी, मध, घुटी काहीच कोणी आपल्या मनानं द्यायचं नाही. सासरे दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच तोडगा काढला की अंगठी दुपट्याला बांधू बारशाच्या दिवशी.

बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी मला परत तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचंय, ह्या वेळी मात्र रात्रभर उपाशी राहून, कारण ज्यांना गरोदरपणात शुगर निघते त्यांना पुढे कायमचा डायबिटीस होण्याचा धोका बराच जास्त असतो आणि बाळाच्या गडबडीत नेमकी हीच टेस्ट सगळ्या विसरतात. सासूबाईंनी कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर आत्ताच गोल करून ठेवलाय. नणंद वडोदऱ्याला असते, तिला तिसरा महिना लागलाय, तिच्या डॉक्टरांनी फक्त उपाशीपोटीची शुगर लिहून दिली होती. आमच्या घरात एवढं सगळं चालू असताना तिनं स्वतःच परत जाऊन विचारलं की ग्लुकोजवाली का नाही, तर त्यांनी ती पण लिहून दिली. येत्या गुरुवारी जातेय.